कन्सीट म्हणजे घमेंड नव्हे : इंग्रजी साहित्याच्या वर्गातल्या संज्ञा

दुपारची_शाळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली, पतपेढीत नोकरी आहे. मुलगा दहावीत गेला त्याच वर्षी मी बाहेरून एम.ए. इंग्रजीला नाव घातलं. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. दर रविवारी संपर्कवर्ग असतो. आमचे सर फळ्यावर पंधरा संज्ञा लिहितात आणि पुढच्या रविवारी त्यातल्या कुठल्याही पाच विचारतात. व्याख्या सांगायची, पुस्तकातलं एक उदाहरण द्यायचं आणि एक स्वतःचं. हे 'स्वतःचं'च घात करतं.

पहिल्याच रविवारी मी ठणकावून 'हायपरबोल' म्हणाले. मागच्या बाकावरची पोरं फसकन हसली. सर शांतपणे म्हणाले, 'हायपर्बली'. मला काय माहीत, आजवर तो शब्द मी फक्त डोळ्यांनीच वाचलेला! दुसऱ्या रविवारी 'कन्सीट' आला. मी आदल्या रात्री शब्दकोश काढून समासात लिहून ठेवलं होतं: घमेंड, गर्विष्ठपणा. आणि जॉन डनच्या कवितेत घमेंड कुठे आहे हे शोधत बसले. तासभर. सापडली नाही, कारण कवितेतला कन्सीट म्हणजे लांबून ओढून आणलेली, पण शेवटपर्यंत निभावलेली तुलना. त्या कवितेत एकमेकांपासून दूर जाणारे दोन प्रेमी म्हणजे वर्तुळ काढायच्या कंपासाचे दोन पाय आहेत. एक जागेवर रोवलेला, दुसरा लांब फिरणारा, आणि फिरणाऱ्याकडे रोवलेलाही कलतो. कळल्यावर अंगावर काटा आला, पण वहीत अजून 'घमेंड'च आहे.

तर प्रश्न असा. मी प्रत्येक संज्ञेपुढे मराठी अलंकाराचं नाव लिहिते. सिमिली-उपमा, मेटफर-रूपक, असं. वर्गातली एक हुशार मुलगी म्हणते, "काकू, मराठीतून विचार करणं सोडा, नाहीतर कायम अडखळाल." सोडू का? आणि 'लायटोटीज' कुणी समजावेल का? व्याख्या पाठ आहे: उलट गोष्ट नाकारून होकार देणे. स्वतःचं उदाहरण काही केल्या सुचत नाही.

मधली_सुट्टी

वाखुसा (वाचनखूण साठवली). उच्चारांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मी 'एपिटोम' म्हणत म्हणत बी.ए. झालो. तो 'एपिटमी' आहे हे नोकरीच्या मुलाखतीत कळलं.

शंकासूर

त्या मुलीचं बरोबर आहे. मराठी अलंकार तरी आपण कुठे समजून घेतले होते? 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सम, परी, सारखा' दिसलं की उपमा. दोन मार्क खिशात, विषय संपला. एका भाषेत घोकलेल्या याद्या दुसऱ्या भाषेत घोकायला कशा कामाला येणार? इंग्रजीतलं इंग्रजीत शिका.

गुरुलघू

आयुष्यभर तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, सोडू नका. पण उपमा-रूपकाच्या जोड्या लावून वही मिटूही नका. खरी मौज जिथे जोडी बसत नाही तिथे आहे.

मेटफरचंच घ्या. आपल्याकडे 'मुखचंद्रमा' हे रूपक. उपमेयही समोर, उपमानही समोर, आणि दोन्ही एकच आहेत असं म्हटलेलं. पण नायिका दारात आली आणि कवी नुसतं 'चंद्र उगवला' म्हणाला तर? मुखाचं नावही नाही. आपले जुने आलंकारिक याला रूपक म्हणणार नाहीत, ते ह्याला अतिशयोक्तीच्या खात्यात टाकतात, कारण उपमानानं उपमेय गिळून टाकलं. इंग्रजी दोन्हींना सरसकट मेटफर म्हणतं. उलट आपली उत्प्रेक्षा इंग्रजीत गेली की तिला स्वतंत्र घर नाही, ती बिचारी सिमिलीकडे पोटभाडेकरू. म्हणजे 'सिमिली = उपमा' हे अर्धंच खरं. हे कळलं की दोन्ही याद्या नव्यानं वाचाव्याशा वाटतात, हा माझा अनुभव.

आता आयर्नी. कोशात 'उपरोध' दिसेल. तो फक्त बोलण्यातला झाला. फायर ब्रिगेडच्या कचेरीलाच आग लागली, हा परिस्थितीतला विरोध, त्यात कुणी कुणाला टोमणा मारलेला नाही. आणि नाटकातली आयर्नी तिसरीच. प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही. रोमिओ थडग्यात येतो, ज्युलिएट मेली असं समजून विष घेतो. ती नुसती झोपेत आहे हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. वर्गात मुलांच्या डोक्यात हे शिरत नसे. मग मी 'सौभद्र' सांगायचो. १८८२ सालचं किर्लोस्करांचं नाटक. सुभद्रा ज्या संन्याशाची सेवा करते तो अर्जुनच आहे. पिटातल्या शेवटच्या माणसाला ते ठाऊक, फक्त तिला नाही. सगळा हशा त्यावर उभा. तेच तंत्र शेक्सपिअर थडग्यात वापरतो तेव्हा रडू येतं. हे एकदा सांगितलं की व्याख्या लिहून द्यावी लागत नसे.

शंकासूर, तुमचा मुद्दा घोकंपट्टीच्या विरोधात आहे, मराठीच्या नाही. दोन्हींची गल्लत होतेय.

पुस्तकाचं म्हणाल तर एब्रम्सची ग्लॉसरी जवळ ठेवा. १९५७ पासून चालत आलंय, त्याच्या झेरॉक्सवर आमच्या किती पिढ्या पास झाल्या. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षा परिभाषा कोश बघा. काही शब्द वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं, पण बघा.

चहाटळ

>> काही शब्द वाचताना दातात खडा

कथार्सिसला मराठीत 'विरेचन'. आमच्या आजोबांच्या काढ्याच्या बाटलीवर हाच शब्द होता. नाटक बघून बाहेर आलो, फार छान विरेचन झालं, असं कुणाला सांगायची सोय नाही.

गुरुलघू

हसा, पण शब्द अगदी नेमका आहे. कथार्सिस हाही मुळात वैद्यकातला शब्द, शरीरातली घाण बाहेर काढणं. अरिस्टॉटलचे वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते, शब्द घरातलाच म्हणायचा. करुणा आणि भीती यांचं कथार्सिस असं तो शोकांतिकेच्या व्याख्येत म्हणतो आणि पुढे 'पोएटिक्स'मध्ये त्याचा खुलासाच करत नाही. झाडून सगळे टीकाकार त्यावर अजून भांडताहेत. पंचकर्मातलं विरेचन आठवलं तर एक बाजू पटकन कळते. दुसरी बाजू शुद्धीकरणाची, तिला तो शब्द तोकडा पडतो.

तसाच हमार्शिआ. गाइडांत 'नायकाच्या स्वभावातला दोष' असं छापलेलं असतं आणि मुलं मॅकबेथपुढे 'महत्त्वाकांक्षा', ऑथेल्लोपुढे 'मत्सर' लिहून मोकळी होतात. ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे नेम चुकणे. धनुर्धाऱ्याचा बाण लक्ष्याला चुकतो तो. दोष स्वभावात मुरलेला असतो, नेम मात्र एखाद्या क्षणी चुकतो. नकळत बापाला मारणाऱ्या ईडिपसला स्वभावदोषाच्या चौकटीत बसवताना जी ओढाताण होते ती याच भाषांतरामुळे.

खाडीपलीकडे

गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत. लेक नववीत आहे, त्यांना रोमिओ-ज्युलिएट आहे. शब्दांच्या याद्या घरी येतात, त्यामुळे ताईंचं दुःख रोज बघते. फरक इतकाच की तिला शब्द येतात असं तिला वाटतं आणि तिथेच ती पडते.

'व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ' ही ओळ. पोरगी म्हणाली, ज्युलिएट विचारतेय तू कुठे आहेस. अर्ध्या वर्गानं तसंच लिहिलं होतं म्हणे. व्हेअरफोर म्हणजे 'का'. तू रोमिओच का आहेस, शत्रूच्या घराण्यातला? मला मात्र कळलं, आणि ते इंग्रजीमुळे नाही. लगेच पुढे बाप नाकार, नाव टाक, असं आहे. 'कुठे आहेस'नंतर हे कुणी कशाला म्हणेल?

पण मी लिहायला बसले ते 'दाउ'साठी. लेकीच्या पुस्तकात तळटीप होती: दाउ म्हणजे जुन्या काळातला यू. बस. एवढंच. तिला मी हॅम्लेटमधला आई-मुलाचा प्रसंग वाचून दाखवला. राणी म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या बापाला फार दुखावलंस. तिथे 'दाउ' आहे. तो लगेच उलटून म्हणतो, मदर, माझ्या बापाला तुम्ही फार दुखावलंत. तिथे 'यू'. शब्द जवळजवळ तेच, पण बाप बदलला (तिचा रोख आताच्या नवऱ्यावर, त्याचा मेलेल्या खऱ्या बापावर) आणि सर्वनामही. आपल्याकडे आईला तू म्हणतात, बाबांना तुम्ही. ज्या दिवशी मुलगा आईला 'तुम्ही' म्हणतो त्या दिवशी घरात काय झालेलं असतं हे मराठी माणसाला तळटीप देऊन सांगावं लागत नाही. (दरबारात राणीला 'यू' म्हणायची रीतच होती, हे मान्य. पण त्या दोन ओळी एकापाठोपाठ वाचा.) लेकीला हे इंग्रजीतून समजावता समजावता माझी दमछाक झाली. शेवटी म्हटलं, आजीला फोन लाव आणि तिला 'तुम्ही' म्हणून बघ. लावला. आजी म्हणाली, काय गं, बरं नाही का?

मधली_सुट्टी

आजी :)

हॅम्लेटवरून आठवलं, 'लेट'. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट धरून ठेवणाऱ्या मित्रांना म्हणतो, जो मला 'लेट' करील त्याचं भूत करीन. मी तीन वेळा वाचलं. जाऊ देणाऱ्याला मारायची काय गरज? मग कळलं की त्या काळी 'लेट'चा अडवणे असाही अर्थ होता. तसंच 'किंग लिअर'मधलं 'फाँड', तिथे लिअर स्वतःला वेडगळ म्हातारा म्हणतोय, प्रेमळ नाही. नवे शब्द परवडले, त्यांचा अर्थ निदान बघावा तरी लागतो. हे ओळखीचे चेहरे जास्त फसवतात.

शंकासूर

हा मुद्दा मान्य. 'पथेटिक फॅलसी'ला मी दोन वर्षं 'केविलवाणी चूक' समजत होतो. इंग्रज समीक्षक रस्किननं १८५६ साली तो शब्दप्रयोग केला तेव्हा पथेटिकचा संबंध भावनेशी होता. आपलं दुःख ढगांवर, झाडांवर लादायचं, ढगांना त्याचं काही नाही. आणि हो, त्याला हा दोषच वाटत होता. आपण मात्र चेतनगुणोक्ती म्हणून त्याचे मार्क घेतो. म्हणजे बघा, प्रतिशब्द लावला की रस्किनची तक्रारच पुसली जाते. माझा आक्षेप कायम.

दुपारची_शाळा

बाप रे, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर केवढं लिहिलंत. सगळ्यांचे आभार.

शंकासूर, तुमचं वाचून वहीत तिसरा रकाना केला आहे: 'कुठे बसत नाही'. रूपकापुढे गुरुलघू सरांचा चंद्र लिहिला. पथेटिक फॅलसीपुढे रस्किनची तक्रार. कन्सीटपुढची घमेंड खोडली नाही, राहू दे.

या रविवारी सिनेक्डकी आणि मेटॉनमी आहेत. दोन्हींत मी गोंधळते. आणि त्याच्या पुढच्या रविवारी छंद, आयाम्बिक पेंटॅमीटर. तिथे तर माझं पाणी पाणी होणार.

चहाटळ

'घरात खाणारी सहा तोंडं' म्हणजे सिनेक्डकी, अवयव सांगून माणूस. 'मंत्रालयानं आदेश काढला' म्हणजे मेटॉनमी. इमारत आदेश काढत नाही, आतला माणूस काढतो, तोही जेवणाची सुट्टी संपल्यावर.

झ्यूग्मा (एकच क्रियापद, दोन कर्मांना दोन वेगळ्या अर्थांनी) आला तर हे घ्या, फुकट: 'साहेबांनी आधी मंत्र्यांची बोलणी खाल्ली, मग वडापाव.' 'खाणे' या क्रियापदावर मराठीत अख्खा पेपर सोडवता येईल. पैसे, शिव्या, मार, भाव, डोकं, हवा.

गुरुलघू

चहाटळांना दहापैकी दहा. दोन्हींच्या मागे आपली लक्षणा आहे, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं, एवढं जोडतो. 'मी शेक्सपिअर वाचला' हे वाक्य तुम्ही रोज बोलता, तेव्हा लक्षणाच वापरता. माणूस वाचता येत नाही. आणि 'कादंबरी' हा शब्द तर चालताबोलता नमुना. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या नायिकेचं नाव, तेच तिच्या कथेचं, आणि आपण ते सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकलं.

आता छंद. ताई, शिवतांडव येतं का? मग आयाम्ब येतो.

आयाम्ब म्हणजे एक हलकं अक्षर, मग एक जड. आपल्या भाषेत लघु-गुरु, 'लगा'. म्हणा: ज-टा-ट-वी-ग-लज्-ज-ल-प्र-वा-ह-पा-वि-त-स्थ-ले. जोडाक्षराआधीचा 'ल' आणि 'त' गुरू होतात हे शाळेतलं आठवा. सोळा अक्षरं, आठ वेळा लगा. पंचचामर वृत्त. त्यातल्या पहिल्या दहा अक्षरांवर थांबलात की पाच वेळा लगा झालं, पेंटॅमीटरचं माप तेच. आता शेक्सपिअरच्या सॉनेटची ओळ म्हणा: शॅल-आय-कम-पेअर-दी-टू-अ-सम-मर्स-डे. दहा अक्षरं. मोजून बघा.

बाकीचे पायही आपल्या गणांत सापडतात. डॅक्टिल म्हणजे गुरु-लघु-लघु, आपला भगण. ॲनपेस्ट लघु-लघु-गुरु, तो सगण. डॅक्टिलचा ग्रीक अर्थ बोट. तर्जनी डोळ्यासमोर धरा: एक पेर लांब, दोन आखूड. यमाताराजभानसलगा पाठ असलेल्या माणसानं इंग्रजी छंदाला घाबरावं हे मला पटत नाही.

आणि सॉनेटही परकं समजू नका. केशवसुतांनी १८९२ मध्ये ताजमहाल आणि मयूरासन समोरासमोर ठेवून चौदा ओळी लिहिल्या, तेव्हा 'सुनीत' हा शब्द रुळलेला नव्हता. ते त्याला 'चतुर्दशक' म्हणत. संज्ञा न मिळाल्यामुळे कविता अडली नाही.

शंकासूर

सर, पण इथे मोठी मेख आहे आणि तुम्ही ती गिळलीत. आपला गुरू मात्रांनी ठरतो, उच्चाराला लागणाऱ्या वेळेनं. इंग्रजीत आघात आहे, जोर. 'समर'मधलं 'सम' लांब नाही, त्यावर जोर आहे. शिवतांडवाच्या चालीत शेक्सपिअर म्हटला तर तो पाढा वाटेल.

गुरुलघू

बरोबर पकडलंत. वर्गात हे दुसऱ्या तासाला सांगायचो, पहिल्या तासाला भीती घालवायची असे.

दुपारची_शाळा

रविवारचा वृत्तान्त.

छंदाच्या तासाला मी हात वर केला. शिवतांडवाची पहिली ओळ म्हटली, बाकावर बोटांनी ठेका धरून. एकदम सन्नाटा. सर खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं चुकलं. मग म्हणाले, पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदा त्यांनी डस्टरनं टेबलावर ठेका धरला. मग मी सॉनेटची ओळ म्हटली, त्याच चालीत, आणि ती पाढ्यासारखीच निघाली! शंकासूर, तुमची आठवण झाली. मग सरांनी ती ओळ बोलल्यासारखी म्हणून दाखवली. ठेका खाली होता, पण बोलणं त्याच्या वरून चालत होतं. कधी ठेक्यावर पाय पडायचा, कधी जरा बाजूला. हे मला लिहून सांगता येत नाहीये. कानानंच ऐकायला हवं.

पुढची ओळ मला दिली, 'टेम्परेट'ची. तिथे शेवटच्या 'रेट'वर मी इतका जोर दिला की मागची पोरं पुन्हा हसली. या वेळी मीही हसले.

हुशार मुलीनं वही मागून नेली आहे, झेरॉक्स काढायला. तिला तिसरा रकाना हवाय, दुसरा नकोय.

खाडीपलीकडे

ताई, मस्तच. पुढच्या आठवड्यात काय?

दुपारची_शाळा

'फॉइल'. शब्दकोश म्हणतो, चपातीचा डबा गुंडाळायचा चंदेरी कागद.

मधली_सुट्टी

फार लांब नाही. खड्याची चमक वाढावी म्हणून सोनार खड्याखाली पातळ पत्रा ठेवत, तो फॉइल. नायक उठून दिसावा म्हणून शेजारी ठेवलेलं पात्र. हॅम्लेट लेअर्टिसला स्वतःच म्हणतो, मी तुझा फॉइल होईन. तलवारीलाही फॉइल म्हणतात आणि ते तलवारबाजीलाच उभे आहेत, म्हणजे वर श्लेषही.

दुपारची_शाळा

धागा वर काढते आहे, क्षमस्व. दीड महिना इकडे आलेच नाही, परीक्षा होती. संज्ञांच्या प्रश्नात सहापैकी चार लिहायच्या होत्या. आयर्नी होती, तीत सौभद्र घातलं. कथार्सिस होता, काढ्याची बाटली मोठ्या कष्टानं आवरली. मेटॉनमीला मंत्रालय. आणि चौथ्या जागी लायटोटीज किंवा झ्यूग्मा. मी झ्यूग्मा घेतला, साहेबांना वडापाव खायला घातला. लायटोटीजचं उदाहरण शेवटपर्यंत सुचलं नाही ते नाहीच. तुम्हीही कुणी दिलं नाहीत हं!

खाडीपलीकडे

अरेच्चा, खरंच की, तो राहूनच गेला. बरं, एकूण पेपर कसा गेला?

दुपारची_शाळा

वाईट नाही गेला.

चहाटळ

ताई, हेच ते.

दुपारची_शाळा

अगं आई गं.